पाण्याच्या मोर्चाहून आलेला नवरा

बुधवार, मे १९९५. संध्याकाळ.

डोकं नुसतं भणभणतंय. आठवडाभर नळाला पाणी नाही म्हणून आज आमच्या सोसायटीतल्या पुरुषांनी मोर्चा काढला. हे सगळ्यात पुढे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. अटक झाली म्हणे. कसली डोंबलाची अटक! चौकीच्या साहेबांनी कालच ह्यांना फोन करून विचारलं होतं, "किती जण येणार? तेवढ्या गाड्या सांगून ठेवतो." गाडीत बसवलं, चौकीत चहा पाजला, सोडून दिलं. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.

आणि नेमका तेव्हाच खाली टँकर आला. आम्ही बायका रांगेत भांडभांड भांडलो. मी दोन बादल्या तिसऱ्या मजल्यावर चढवल्या.

हे आले ते थेट मोरीत. दोन्ही बादल्या अंगावर ओतल्या आणि डोकं पुसत म्हणाले, "आज चांगला दणका दिला!"

कुणाला दिला? साहेबांना? की मला? आवाज उठवूच नये असं मी म्हणत नाही. पण पोलिसांना विचारून ठरवलेल्या मोर्चाला घाबरणार कोण?

वर म्हणतात, "शर्ट धुऊन ठेव, शुक्रवारी पुन्हा जायचंय." धुऊ? कशाने?

उद्या टँकर आला की बादल्या ह्यांच्या हातात देणार. मी वर गॅलरीत उभी राहून घोषणा देईन.