एक कविता काढायची राहिली

९ ऑक्टो., गुरु.
सकाळी आमच्यापासून तिसऱ्या घरी. एफुआ आंटीचं गॅरेज, म्हणजेच प्रेस, आफ्रिकेतल्या कवींची पुस्तकं छापायचं. आई म्हणते, शाळा सोडलीस ना, मग घरात तोंड लपवून बसण्यापेक्षा तिथे जा. मेल बघणं माझ्याकडे, पुस्तकं शिवणंही.
आज तामांडाचा मेल. मलावीतली, शाळेत शिकवते. चोवीस पानी पुस्तक, तिचं पहिलंच. लिहिलंय, मामावरची कविता पुस्तकातून काढून टाका, प्लीज. आईला त्याच्याच घरी राहायला जावं लागलंय. त्याला कळलं तर बाहेर काढेल तिला.
आंटीला सीसी होतं. म्हणजे वाचलं असणार. छपाई उद्या. सांगायला गेले तर ती फोनवर, कुठल्यातरी कवीचा व्हिसा रिजेक्ट झालाय. परत आले. मेल स्टार करून ठेवला.
वाक्यं: ३. (बाहेरच्यांशी दिवसात किती बोलले ते. काउन्सेलरने मोजायला लावलं होतं. शाळा सुटली, हे सुटलं नाही.)

११ ऑक्टो., शनि.
शिवायचा दिवस. सात जण टेबलाभोवती. आंटीचा नियम, शिवण्याआधी पुस्तक मोठ्याने वाचायचं, आळीपाळीने. माझी पाळी आली की पुस्तक आपोआप पुढच्याकडे जातं.
चौथी कविता म्वांगी काकांकडे आली. (केनियाचे, रिटायर्ड बस ड्रायव्हर. काका मी मनातच म्हणते.) मामावरचीच. छापलेली. मामा साखरेच्या कपाटाची किल्ली कमरेला बांधतो आणि आई चहा टाकण्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. संपली. मग आंटी म्हणाली, "धिस वन. हिच्यासाठीच काढलं हे पुस्तक."
वाटलं, तामांडाशी बोलून आंटीने कविता ठेवली असेल. नाही, खोटं लिहितेय. तसं नाही वाटलं. मला माहीत होतं. तोंड उघडलंसुद्धा. म्वांगी काका म्हणाले, "दोरा हवाय का?" मी म्हटलं, हो.
चाळीस प्रती शिवल्या मी.
वाक्यं: १.

१३ सोम.
वाचक गटांच्या बारा प्रती पोस्टात टाकल्या. मीच नेल्या.

१६ गुरु.
तामांडाचा मेल. काढल्याबद्दल थँक यू, खूप दिवसांनी नीट झोपले. (उत्तर कुणीच दिलं नव्हतं, काढली असंच ती धरून चाललीय.)
आंटीने तो फोनवर वाचला. "काढली? काय काढली?"
लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. स्टारवाला मेल.
"शनिवारी तू टेबलाशी होतीस."
"हो."
"म्वांगी वाचत होता तेव्हा?"
"हो."
ओरडली नाही. कागदाच्या खोक्यावर बसली. म्हणाली, माझ्याही फोनवर आला होता, मी उघडला नाही. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

१८ शनि.
सगळ्यांना बोलावलं, कापायला. कविता एका पानाच्या दोन्ही बाजूंना आहे, ते पान काढलं की झालं असं मला वाटत होतं. पण मधोमध दुमडून शिवलेलं पुस्तक. ते पान आणि पुस्तकाच्या शेवटाकडचं एक पान मिळून एकच कागद. पुढचं काढलं की मागचं सुटून हातात येतं. आणि मागच्या पानावर तामांडाची आईवरची कविता आहे. आई नदीवरून चादरी आणते ती.
मी पहिली प्रत कापली आणि तेच झालं. आई टेबलावर पडली.
म्वांगी काकांनी स्टीलची पट्टी लावून दाखवलं. घडीपर्यंत कापायचं नाही, बोटभर कागद सोडायचा, मागचं पान त्याला धरून राहतं. सगळ्या प्रती तशा केल्या. पुस्तक उघडलं की ती कापलेली कड दिसतेच. लपत नाही.
काकांच्या बायकोने मंडाझी पाठवल्या होत्या, त्यांच्याकडची तळलेली गोड पुरी. दोन माझ्यापुढे सरकवल्या. खाल्ल्या नाहीत, खिशात ठेवल्या. खिसा तेलकट.

२० सोम.
आंटी: "बारा जणांना फोन तू करणार. मेल नाही."
कार्डावर लिहून काढलं काय बोलायचं. पहिल्या फोनला आवाजच निघाला नाही, बाईने हॅलो हॅलो करून ठेवून दिला. परत केला.
दिवाळी. आईने करंज्या दिल्या आंटीकडे न्यायला. आंटी म्हणाली, "आमच्याकडेपण असतं हे, आत मासे घालतात." घरी येऊन सांगितलं. आई: "ई!" हसली मग. बऱ्याच दिवसांनी हसली.

२३ गुरु.
अकरा झाले. अकराही जण प्रत परत पाठवतायत. राहिलेला टेक्सासचा, फ्रिस्कोतला गट, उचलत नव्हते. आज उचलला. एकदम खूश माणूस. "ओह, ती प्रत? ती गेली! तामांडाच्याच गावचं कोणीतरी आलं होतं रीडिंगला. आपल्या गावची मुलगी म्हणून त्यांना इतका आनंद झाला, म्हटलं घेऊनच जा."
नाव माहीत नाही त्याला. विचारतो म्हणाला.
आंटीला सांगितलं. ती म्हणाली, तामांडाला आता तू सांगायचंस.

२६ रवि.
मंडळाची दिवाळी. शाळेच्या कॅफेटेरियात, आमच्या या बॉथेल गावची अख्खी मराठी पब्लिक. देशमुख काकू: "काय गं, कॉलेजला कुठे कुठे अप्लाय केलंस?" आई लगेच म्हणाली, ती ऑनलाइन करतेय ना सध्या. एरवी मी ताटात बघते.
"मी शाळा सोडलीये काकू. मार्चमध्ये."
काकूंच्या हातातला चमचा तसाच. गाडीत बाबांनी रेडिओ लावला, आईने बंद केला.

२८ मंगळ.
सकाळी सातला तामांडाशी व्हिडिओ कॉल. तिच्याकडे दुपारचे चार, शाळेतून आलेली, बोटांना खडू. माझ्या वयाची असेल असं वाटायचं, पण मोठी आहे. सगळं सांगितलं. स्टार, टेबल, दोरा, फ्रिस्को. सॉरी म्हणताना कार्ड बघितलं नाही.
ती म्हणाली, "आमच्या गावचं कोण? बाई की पुरुष?"
माहीत नाही.
तिच्या मागे कुणीतरी झाडत होतं.
"वाच."
"काय?"
"मामा जे ऐकेल, ते मला आधी ऐकू दे."
वाचली. पुढची बाजू, मागची बाजू. किल्लीच्या ओळीला आवाज गेला, परत घेतली ती ओळ. संपल्यावर तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. ती म्हणाली, "चांगली आहे ना?" मग रडायला लागली. शुक्रवारी जाऊन आईला आणते म्हणाली. कुठे ठेवणार ते माहीत नाही, तिची एकच खोली, तीही शाळेची.
वाक्यं मोजली नाहीत.

३० गुरु.
तामांडाला मेसेज केला होता, वाचलेलाही दिसत नाही.
अंघोळीला गेले तेवढ्यात मिस्ड कॉल, फ्रिस्कोचा. व्हॉइसमेल आहे, चौदा सेकंदांचा. प्रत मिळाली, हे चौदा सेकंदांत मावतं. ती प्रत मलावीला गेली, हेही मावतं.
आंटी तिच्या अंगणात पानं गोळा करतेय, माझ्या खिडकीतून दिसतेय. तिच्यासोबत ऐकावं असं वाटतंय. पण तिला हाक मारली तर ती आधी विचारणार, तू ऐकलंस का.
फोन हातात आहे.