मनाच्या डॉक्टरकडे भरून गेलेली जीप

आदरणीय प्रफुलभाऊ,

धाकट्या सत्यशीलाचा जय भीम. सरितावहिनीले पण सांगा, अन् खुशबूले आत्याकडून एक धपाटा द्या, कारण ती माह्या मेसेजले नुसता अंगठा दाखवते. तुमचा खोकला कसा आहे? माजरीच्या खाणीची धूळ काही कमी होणार नाई, तवा तोंडाले दुपट्टा तुमीच बांधत जा. इथी आमी सारे बरे आहोत. धान पोटरीत आला आहे, पाणी बरं आहे, अन् तुमचे जवाई पण बरे आहेत. म्हणजे काही बोलत नाईत, म्हणजे बरेच असतील.

तुमी म्हणाल, घरात दोन दोन फोन असताना चिठ्ठी काऊन लिवली. भाऊ, तुमची सारी उमर युनियनच्या पुढारकीत गेली. तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे खाणीच्या गेट मिटिंगमधे उभं राहणं आहे. मी 'हॅलो' म्हटलं का तुमी सुरू होता, अन् शेवटी मीच 'बरं भाऊ, हौ भाऊ' करून फोन ठेवतो. चिठ्ठीले मधात तोडता येत नाई, म्हणून चिठ्ठी. मागच्या रविवारी तुमी मले दोन गोष्टी फर्मावल्या. एक, सरपंचकीचा राजीनामा त्याईच्या तोंडावर फेक. दोन, मनाच्या डॉक्टरकडे बिलकुल जाऊ नको, आपल्या खानदानात कोणी पागल झालं नाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्या गोष्टीले उशीर झाला होता. मी जाऊन आली होती. अन् मूठ कशी झाकली राह्यली, तेच सांगतो.

गावाजवळ वाघ आला हे तुमाले माहीत आहे. वाघाचं मले एवढं नाई. तो बिचारा आपल्या कामानं येते, आपल्या कामानं जाते. पण वाघ आला का सरपंचाले फोन, गेला का सरपंचाले फोन, अन् आज दिसला नाई, मंग गेला कुठी, असाही सरपंचालेच फोन. त्यात नळाची मोटर जळाली, घरकुलाच्या यादीत एकाचं नाव आलं अन् त्याच्या भावाचं नाई आलं, लाईनमन फोन उचलत नाई, आमच्या उपसरपंचाची, म्हणजे नानाजीभाऊची, दुधाची गाय वाघानं खाल्ली. (नानाजीभाऊ म्हणजे तेच, जे माह्याविरुद्ध पडले अन् तवापासून माह्या प्रत्येक ठरावाले 'माहा विरोध लिवून घ्या' म्हणतेत.) वनविभागाचा पंचनामा झाला तरी गाय माह्याच चुकीनं मेली असं ते सभेत बोलले. मले झोप येईनाशी झाली. आंग टेकलं का छाती धडधड करे, अन् सकाळी उठून पाह्यलं तं हात थरथरे. मी म्हटलं, थकवा असंल, जाईन. गेला नाई.

मंग ते लग्न झालं. आता गावात सरपंचाले साऱ्याच कार्यक्रमात दोन शब्द बोला लागते, बारसं असो का तेरवी. त्या आठवड्यात तीन मयती झाल्या होत्या अन् मी तिन्ही ठिकाणी बोलली होती. कमळाबाईच्या पोरीच्या लग्नात माईक हातात आला, डोळे मिटत होते, अन् तोंडातून आपोआप निंगालं: 'या दुःखाच्या प्रसंगी सारं गाव या परिवाराच्या पाठीशी उभं आहे. जे झालं ते झालं, आता सहन करण्याची ताकद त्याईले मिळो.' बाप्पा, मांडव असा चूप झाला का भात वाढणाऱ्याचा झारा ऐकू येत होता. नवरदेवाचा बाप उभा राह्यला. दोन बायांनी सवयीनं डोळ्याले पदर लावला. (गावचा एक जुना जवाई मात्र मांगून म्हणला, खरं बोलली बाई.) घरी येऊन मी मोरीत तोंड धुवाले गेली अन् तिथीच बसून रडली. हसाले येते आता, पण तवा मले वाटलं, माहं डोकं माह्या हातून सुटून राह्यलं. मले सरपंचकी सोडाची नव्हती, अन् झोप पण पाहिजे होती. एवढंच माहं मागणं होतं, भाऊ. पण नानाजीभाऊले समजलं का बाईचं डोकं ठिकाणावर नाई, तं अविश्वास ठराव आलाच समजा.

गावानं आपल्या परीनं इलाज सांगितले. एकजण म्हणे, नजर लागली, पुजाऱ्याकडून उतरवून घ्या. आता मीच मागच्या साली शाळेत भूत-भानामतीविरुद्ध कार्यक्रम घेतला, त्या पुजाऱ्यालेच सामोर बसवून. त्याच्याकडं कोणत्या तोंडानं जाऊ? आपल्या विहारातल्या नीलाबाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी येऊन श्वासावर ध्यान लाव. (नीलाबाई रोज वंदना घेतेत, अन् कोणी त्रिशरणात चुकलं का डोळे न उघडता त्याच्या गुडघ्यावर चापट मारतेत.) मी गेली. पहिल्या दिवशी फोन पदरात ठेवला, तं श्वासापेक्षा फोनच जास्त थरथरला. दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवला. डोळे मिटले, श्वास आत, श्वास बाहीर, जरा बरं वाटलं, अन् डोळे उघडून पाहतो तं माह्यासामोर माणसं रांगेनं बसून राह्यली. मले वाटलं, काय गाव सुधारलं! काई नाई. सरपंच एका जागी सापडते म्हणून सारे आपापले कागद घेऊन आले होते अन् माहे डोळे उघडाची वाट पाहत होते. नळाचा पंप चालवणाऱ्या चैतूनं तं माहा श्वास लांबला तसं 'झालं का बाई' म्हणून विचारलं.

तवा मी ठरवलं, चंद्रपूरले जाऊन डॉक्टरलेच दाखवाचं, चुपचाप. घरी खरं सांगितलं, गावात सांगितलं का कलेक्टर ऑफिसात काम आहे. इथीच माही अक्कल शेण खाले गेली. भाऊ, तुमी गाव सोडून किती साल झाले, पण एवढं तं आठवत असंल का सरपंच चंद्रपूरले निंगाला म्हणजे ती गाडी त्याची राहत नाई. सकाळी जीपजवळ आली तं जीप भरली होती. कमळाबाई निराधारचे कागद घेऊन, चैतू पंपाचा पार्ट बदलाले, नीलाबाईले चष्मा कराचा होता, आणखी कोण कोण मांगं कोंबले होते, अन् सामोरच्या सीटवर इस्त्रीचा सदरा घालून खुद्द नानाजीभाऊ. गायीच्या भरपाईसाठी ते सोताच साहेबाले भेटणार होते, माह्यावर भरोसा नव्हता म्हणून. साऱ्या दुनियेतून ज्या माणसाले समजू द्याचं नव्हतं, त्याच्या मांडीले मांडी लावून मी गावापासून चंद्रपूरपर्यंत गेली. जटपुरा गेटजवळ म्हटलं, तुमी सामोर व्हा, मले इथीच थोडं काम आहे. तं नीलाबाई म्हणे, तुहा चेहरा पाह्य कसा झाला, तुले एकटीले कशी सोडू? मी उतरली. ते पण उतरले. मी चालली तं मांगं सारी वरात.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर नानाजीभाऊनं पाटी वाचली. मोठ्यानं वाचली, कारण ते सारंच मोठ्यानं वाचतेत: 'मानसोपचार तज्ज्ञ.' मी म्हटलं, झालं सत्यशीला, आता धरती फाटली तं बरं. मी सरळ आत गेली अन् नाव लिवलं. मांगून हे सारे आले, चपला काढून (दवाखान्यात कोणी चपला काढत नाई, पण एकानं काढली म्हणून साऱ्याईनं काढली) खुर्च्यांवर बसले. माहा नंबर आला तं कंपाउंडरनं विचारलं, पेशंटसंगं कोण आहे? सारे उभे राह्यले.

डॉक्टरीण तरणी आहे, पुनम नावाची, ब्रह्मपुरीकडची. तिनं इतकी माणसं पाह्यली अन् न हसता म्हणाली, बसा. तिनं मले विचारलं, झोप कशी आहे, तं उत्तर कमळाबाईनं दिलं. भूक कशी, ते नीलाबाईनं सांगितलं. चिडचिड होते का, यावर चैतूनं नुसती मान हालवली, पण इतक्या जोरात का मले त्याची चिडच आली. मंग तिनं साऱ्याईले बाहीर काढलं अन् मी बोलली. जे तुमच्या जवायाले पण सांगितलं नव्हतं ते बोलली. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तुमी पागल नाई, तुमी थकल्या आहात, अन् असा थकवा म्हणजे बिमारीच आहे. जशी शुगर, जसं बीपी. एक गोळी दिली, म्हणे असर व्हाले काही हप्ते लागतील, बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद कराची नाई. रोज चालाचं. संध्याकाळी एक घंटा फोन बंद. अन् विहारात जाता ते सोडू नका, पण गोळीच्या बदल्यात नाई, गोळीच्या संगं. मी म्हटलं, म्हणजे दोन्ही? म्हणे, तुमी धानाले खत देता तं पाणी बंद करता का?

बाहीर आली तं नानाजीभाऊ नव्हते. मले वाटलं, गेले, आता फोन लावून गावाले सांगत असतील. तं कंपाउंडर म्हणे, ते नंबर लावून बसले आहेत. भाऊ, तो माणूस आत गेला अन् बाहीर आला तं त्याचे डोळे लाल. परतताना जीप सावली गावाजवळ आली. मंग खिडकीकडं पाहत म्हणाले, 'बाई, गाय गेली तवापासून मले बी रात्रभर तिच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज येते. ती गाय नव्हती वो, पोरीसारखी होती.' मी त्याईले पान दिलं.

आता गावाची मजा ऐका. आमी उतरलो तसं साऱ्या गावाले समजलं. तवा विहाराच्या कमिटीत वेगळाच मुद्दा निंगाला: आपलं पाचवं शील नशेपासून दूर राहाचं आहे, मंग सरपंचबाईची गोळी नशेत धराची का नाई? दोन गट पडले. एक म्हणे, जी गोळी खाऊन माणूस झोपते ती नशाच. दुसरा म्हणे, मंग जेवण करून पण माणूस झोपते. शेवटी नीलाबाई भडकल्या: 'मी बीपीची गोळी वीस सालापासून खातो, तं मी बेवडी हाओ का रे?' तिथीच मिटिंग संपली.

ग्रामसभेत मंग मीच उभी राह्यली. दुसऱ्यानं विषय काढण्यापेक्षा आपणच काढलेला बरा. म्हटलं, माहं डोकं थकलं होतं, मी डॉक्टरले दाखवलं, गोळी घेतो, विहारात बसतो. ज्याले वाटते असा सरपंच नको, त्यानं आताच सांगावं, मी खुर्ची सोडतो. नानाजीभाऊ उठले. मी मनात म्हटलं, आला अविश्वास. तं ते म्हणाले, 'माहा विरोध लिवून घ्या.' कशाले? 'बाईनं खुर्ची सोडाले.' अन् जाहीर केलं, 'संध्याकाळी बाईचा फोन बंद असंल, तवा साऱ्याईनं मले फोन लावाचा.' लोकाईनं लावला. चौथ्या दिवशी ते माह्या घरी आले अन् म्हणे, बाई, हे असे फोन रोजच येतेत का? मी म्हटलं, रोजच. मंग त्याईनं बसून चहा घेतला, दोन कप. आता आमी पाळी लावली आहे, एक दिवस ते, एक दिवस मी. भांडणं तशीच आहेत. कालच नालीच्या ठरावाले त्याईनं विरोध लिवून घ्याले लावला.

तं राजीनाम्याचं उत्तर हे, का मी तो देत नाई. झोप अजून पुरी नाई, पण येते. हात थरथरत नाई. वहिनीले अन् शेजारपाजारी जय भीम सांगा.

तुमची बहीण,
सत्यशीला

ता.क. कमळाबाईच्या नव्या जवायानं मले निरोप पाठवला का लग्नातलं भाषण तो विसरला नाई, अन् रोज त्याले माही आठवण येते. याचा अर्थ मी लावला नाई, तुमी पण लावू नका.

ता.क. वहिनीवर चिडू नका, तिनं मले सारं सांगितलं. खरं तं ही चिठ्ठी त्याच गोष्टीसाठी लिवली, वरचं बाकी सारं तुमी इथपर्यंत वाचत यावं म्हणून. तुमच्या बरोबरीचे कुलदीपभाऊ हार्ट अटॅकनं गेले तवापासून तुमी झोपत नाई, ताटावरून उठून जाता, मिटिंगमधे बोलता बोलता थांबता अन् बाहीर जाऊन उभे राहता. युनियनचे लोक समजतेत, भाऊले खोकला आला. भाऊ, 'राजीनामा फेक' हे तुमी मले नाई, सोताले म्हणत होते. मले तुमचं भेव वाटून राह्यलं. तुमच्याशिवाय मले वडीलधारं कोणी नाई.

ता.क. पुनम डॉक्टरकडं बुधवारी तुमचा नंबर लावला आहे. तुमी एकटे जाणार नाई अन् वहिनीसंगं जाले लाजाल, हे मले माहीत आहे. म्हणून चंद्रपूर ओलांडून आमची जीप आधी माजरीले येते. वाट उलटी पडते, पण कोणी काही म्हटलं नाई. नानाजीभाऊनं सामोरची सीट तुमच्यासाठी सोडली आहे, जी त्याईनं आजपर्यंत कोणासाठी सोडली नाई. भांडाचं असंल तं भांडा, पण गाडीत बसून.