तिसऱ्या दशांशापर्यंत

वेरिबी, मेलबर्न
२५ ऑक्टोबर २०२०

प्रिय रुचा,

दसऱ्याच्या शुभेच्छा. तुझे बाबा आता आधाराशिवाय जिना चढतात हे वाचून बरं वाटलं. इथे लॉकडाउनमधली घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा आता पंचवीस झाली आहे. मी अजून नदीपलीकडे गेलेले नाही. थिसिस महिनाअखेरीला द्यायचा आहे.

घरमालक नरेंद्रकाका सकाळी दारात श्रीखंडाचा डबा ठेवून गेले. अंगणातून मास्क लावून ओरडले, "तुझी रूम पार्टनर येणार कधी? तिची खोली अजून तशीच ठेवलीय." बॉर्डर उघडली की, असं मी सांगितलं.

फेब्रुवारीत तू त्यांना आपलं काम समजावलं होतंस ते आठवलं. दोन कृष्णविवरं धडकली की अवकाशात लाटा उठतात, त्या जाताना सगळं ताणतात, आकसतात. काकांनी विचारलं, "मग लाट गेल्यावर सगळं जागेवर येतं ना?" तू म्हणालीस, "नाही ना काका, तीच तर गंमत आहे. लाटेत ऊर्जा असते, त्या ऊर्जेचंही गुरुत्व असतं. लाट स्वतःच आणखी एक छोटी लाट तयार करते. ती गेल्यावर दोन मोकळ्या वस्तू हलायच्या थांबतात, पण त्यांच्यातलं अंतर पहिल्याइतकं राहत नाही." काका म्हणाले, "म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं." तू किती हसली होतीस.

तो फरक किती, हे आपण दोघींनी वेगवेगळं मोजायचं ठरवलं होतं. मी संगणकावरच्या माझ्या सिम्युलेशनवरून, तू दुसऱ्या ग्रुपच्या सिम्युलेशनवरून, वेगळ्या पद्धतीने. आकडा निघाला की पाकिटात बंद करून दुसरीच्या ताब्यात द्यायचा आणि दोन्ही झाल्यावरच उघडायचं. नियम तुझा होता. माझा आकडा आधी निघाला. मार्चमध्ये भावाच्या लग्नासाठी दोन आठवड्यांकरता पुण्याला गेलीस आणि तिथेच अडकलीस, तेव्हा माझं पाकीट तुझ्या बॅगेत होतं.

१४ ऑगस्टला तुझा मेसेज आला: "जुळलं! तिसऱ्या दशांशापर्यंत!" त्या दिवशी मी एकटीने शिरा करून खाल्ला. तू पेपर लिहून पाठवलास, माझं नाव आधी घातलंस, सारांशात लिहिलंस की दोन स्वतंत्र गणितांचं उत्तर एकच आलं. माझ्या थिसिसचं चौथं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे.

९ सप्टेंबरला आलेख पुन्हा काढताना मला माझी चूक सापडली. सिम्युलेशनच्या सुरुवातीचा भाग खरा नसतो, तो आपण कापून टाकतो. मी वेळेच्या २४० एककांपर्यंत कापायला हवं होतं. जुन्या फाइलमधला ३४० तसाच राहिला होता. खऱ्या लाटेचाही थोडा भाग त्यात गेला, त्यामुळे माझा आकडा तीन टक्क्यांनी कमी होता.

तुझ्या सिम्युलेशनमध्ये तो ३४० नव्हताच. तरी तुझा आकडा माझ्याशी जुळला.

मी आधी तुला वाचवायचा प्रयत्न केला. तुझ्याकडून दुसरी एखादी चूक होऊन नेमका तोच आकडा येऊ शकेल का, हे तीन दिवस तपासलं. नाही येऊ शकत. मग फोनवर तुझी फाइल मागितली. "अगं लॅपटॉप बदललाय, शोधते. का गं, भरवसा नाही का?" मी म्हटलं, "नो वरीज."

आता मी केलेलं लिहिते. ९ सप्टेंबरपासून आज सेहेचाळीस दिवस झाले. तेवढ्यात आपण एकतीसदा बोललो. मी तुला कोथिंबिरीच्या वड्या विचारल्या, सीरियलची गोष्ट ऐकली. लॉकडाउनमध्ये बहुतेक रोज ऐकू येणारा आवाज तुझा एकच होता, आणि विचारलं तर तो बंद होईल, म्हणून मी गप्प राहिले. तू खोटं बोलते आहेस हे ठाऊक असूनही रोज पाच वाजायची वाट पाहिली.

ऑगस्टमध्ये तुझे बाबा ऑक्सिजनवर होते, हे मी विसरलेले नाही. "मला जमलं नाही" एवढं म्हणाली असतीस, तर मी थांबले असते. वर्षभर थांबले असते. पाकीट फोडलंस याचं मला तितकं वाटत नाही. फोडून मला "जुळलं" म्हणालीस, आणि मी शिरा केला.

उद्या सकाळी गाईडला चूक कळवून पेपर मागे घेते. चौथं प्रकरण काढते, सहा महिन्यांची मुदत मागते. मागे घेण्याचं कारण माझी चूक एवढंच लिहीन. तुझ्याबद्दल त्यांना काय सांगायचं ते तू ठरव.

दुरुस्त आकडा पाकिटात बंद केला आहे. नियमाप्रमाणे तो तुझ्याकडे असायला हवा. मी तो नरेंद्रकाकांच्या कपाटात ठेवायला दिला आहे. तुझी खोली त्यांनी मोकळी करू नये, असंही त्यांना सांगितलं आहे. का सांगितलं, ते मला अजून नीट माहीत नाही.

आज पाचला फोन करू नकोस. तुझा स्वतःचा आकडा निघाला, तर कर.

तनया