पायरीच्या अलीकडं एक पट्टी

३ फेब्रु., मंगळ
सुलू परत चौकटीवर आदळली. कपाळाला टेंगूळ. वर हसून म्हणती, "अहो, चौकट सरकवली का काय तुम्ही?" मला हसू नाय आलं. ओरडलो तिच्यावर. ओरडायचं कुणावर होतं ते ठाऊक आहे.

डॉ. म्हणाले काचबिंदू. डावा गेला, उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं. गेलेलं परत येत नाय, थेंब टाकून उरलेलं राखायचं. घरात भिंतीच्या कडेनं, खाली, एकसारखा उजेड करा म्हणाले.

चार वर्षं सांगत होती, "बाजूचं दिसत नाय हो." मी म्हणायचो, चष्मा पूस. चष्मा पूस! गाढव आहे मी.

५ फेब्रु., गुरु
औरंगपुऱ्यात गेलो. दुकानदारानं रंग बदलणारी एलईडी पट्टी पुढं केली. रिमोट, गाण्यावर नाचती म्हणे. "हॉलला लावा काका, पार्टी लुक येतो." डोकं सणकलं. म्हणालो, बायकोला दिसत नाय म्हणून पाहिजे. रिमोट खाली ठेवला बिचाऱ्यानं. एवढं ताडकन बोलायला नको होतं.

शफीभाई तिथंच होते, आमच्या गल्लीतले वायरमन. म्हणाले, "साब, एकदम मत लो. तीन टुकडे लेके जाओ. चलना भाभी को है, पसंद बी उनोंच करेंगे."
हे मला का सुचलं नाय?

६ फेब्रु.
तिन्ही तुकडे पेटवून दाखवले. पिवळा. "आहे काहीतरी." पांढराफेक. "टोचतोय." मग दोन्हीच्या मधला. मान पुढं केली तिनं. "हा. दुधावानी आहे. हाच घ्या."

या घरात तिच्या पसंतीनं आजवर काय काय घेतलं ते आठवत बसलो. फरशी मी, रंग मी, टीव्ही मी. लई वाईट वाटलं.

९ फेब्रु., सोम
काम झालं. अॅल्युमिनियमची पन्हळ, आत पट्टी, वरून दुधी झाकण. पलंगापासून भिंतीच्या कडेनं थेट स्वयंपाकघरापर्यंत. स्वयंपाकघर एक पायरी खाली आहे, भीती तिथंच. म्हणून पायरीच्या वीतभर अलीकडं, जमिनीवर, एक पट्टी आडवी लावायला सांगितली. थांब, पुढं पायरी आहे, अशी खूण.

शफीभाई नको म्हणत होते. "आडी मत लगाओ साब. सीधी जाने दो."
"चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात नकाशे काढलेत. मला शिकवू नका."
लावली त्यांनी. काय करतील.

१० फेब्रु.
सुलू एकटी स्वयंपाकघरात गेली!! चहा केला. साखर दुप्पट. तसाच प्यालो. मी मागं मागं गेलो तर फटकारलं, "काय शेपटावानी फिरताय? मी पळून चाललीय का?" लई दिवसांनी असं बोलली. बाथरूममधी जाऊन रडलो.

१२ फेब्रु., गुरु
पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर.

रिक्षात मी विचारलं, दिसली नव्हती का पट्टी? "दिसली की. मला वाटलं उंबरा आहे. उंबऱ्यावर पाय कसा देणार? ओलांडला."

म्हणजे पाय उचलला, लांब टाकला, तो थेट पायरीवरून खाली. सारा जन्म तिनं कधी उंबऱ्यावर पाय दिला नाय. मला ठाऊक नव्हतं? पोरीनं दिला तर मीच खेकसायचो. शफीभाई सांगत होते. मीच पाडली तिला. दुसऱ्या कुणी नाय, मी.

१३ फेब्रु.
मनीषा आली पुण्याहून. हात बघितला आईचा, मग माझ्याकडं वळली. "बाबा, आंधळी होत चाललीय ती आणि तुम्ही लायटिंग करत बसलात?"

दोघांनाही पुण्याला नेते म्हणती. मी तर आत्ता निघालो असतो. सुलू हटून बसली. "तिथं मला सगळीकडं धरून न्यावं लागंल. इथं भिंती माझ्या ओळखीच्या आहेत. मला धरायचं नाय कुणी."

शेवटी मनीषानं अट घातली. रविवारी सकाळी दहाला आईनं पलंगापासून स्वयंपाकघरात एकटीनं जाऊन यायचं. जमलं तर राहा, नायतर पुणं.
सुलू लगेच म्हणाली, "व्हय."
गळ्यात प्लास्टरचा हात, आणि म्हणे व्हय.

१४ फेब्रु., शनि
आडवी पट्टी उपटली. फरशीवर डिंकाचा पट्टा राहिला, खरवडला तरी निघत नाय. आता पट्टी पायरीच्या ऐन कडेला बसवली. शफीभाई एका शब्दानं बोलले नाय, "मैं बोला था" म्हणून. बोलले असते तर बरं झालं असतं.

सुलू माझ्या खांद्याला धरून आली. "लावली?"
"लावली. दिसती का?"
खाली बघितलं तिनं. "दिसती की. पयल्यापेक्षा झकास."

शफीभाईंच्या हातात वायर होती. अजून जोडलीच नव्हती.

"भाभी, अभी तो..." म्हणाले ते. मी हात केला, थांबले. मान खाली घालून वायर सोलत राहिले. जोडल्यावर परत विचारायचा धीर नाय झाला मला. तिनंही काय विचारलं नाय.

जेवताना मनीषा म्हणाली, "आई म्हणते कड दिसते. बाबा, खरं का?" सुलूचा घास हातात तसाच राहिला.
मी व्हय म्हणालो.

उद्या दहाला. मी पायरीपाशी उभं राहायचं नाय, अशी सुलूची अट आहे.