पाचव्या ट्रेलरची साखळी

सोमवार, ४ मार्च

साखळी गेली! शिवाय मागचा दिवासुद्धा. लष्कराचे पाच जुने मालवाहू ट्रेलर लिलावात घेतले, धाकटा भाऊ आणि वेल्डर परवा डेपोतून ओढून घेऊन आले, यार्डात ओळीने लावले. आज बघते तर पहिल्याच ट्रेलरच्या दांड्याला साखळी नाही. हूक निसटला तर हीच साखळी ट्रेलरला गाडीशी धरून ठेवते. चार ट्रेलर कंत्राटदार घेणार आहे, आणि "एक नट जरी कमी दिसला तरी सौदा मोडला" असं बजावून गेलाय. पाचवा धाकट्या भावाला हवाय. वेगळा धंदा काढायचाय म्हणे साहेबांना.

यार्डात माणसं तीनच – वॉचमनमामा, वेल्डर, धाकटा. तिघांना उभं करून झाडलं. एकालाही तोंड उघडू दिलं नाही. धाकटा आपला नखं बघत उभा.

मंगळवार, ५ मार्च

पहिल्याला साखळी हजर. दिवाही हजर! वेल्डर म्हणतो, "असेल तिथेच ताई, तुमचं लक्ष गेलं नसेल." माझं लक्ष गेलं नसेल? वडिलांच्या याच यार्डात रांगायला शिकलेय मी. चोर टरकला आणि मुकाट्याने आणून ठेवली, एवढं मला कळतं.

गुरुवार, ७ मार्च

आता दुसऱ्याची साखळी गायब. दिवाही. पुन्हा आरडाओरडा केला. घसा बसला.

धाकटा हल्ली फोन आला की बाहेर जाऊन बोलतो. काल भंगारवाल्याच्या दुकानापुढे उभा दिसला. विचारलं तर म्हणे, "सहज." सहज कोणी भंगारवाल्याकडे जातं का? त्याची बायकोही माझ्याशी मोजकंच बोलते. वेगळं व्हायचं तर हाताशी चार पैसे लागतात, आणि ते कुठून येणार? असं लिहू नये. पण मनात आलंय ते आलंय.

शुक्रवार, ८ मार्च

दुसऱ्याचं सामान परत आलं, तिसऱ्याचं गेलं! कोणीतरी मला चांगलंच खेळवतंय.

मीही काही कमी नाही. कपाटात नेलपॉलिशची बाटली पडून होती, कधी नव्हे ती कामाला आली. चौथ्याच्या साखळीला आणि दिव्याला खालच्या बाजूने चार लाल ठिपके, पाचव्याच्याला पाच. कोणाला सांगितलं नाही. आता बघू बेटा कुठे सापडतोस.

सोमवार, ११ मार्च

सकाळी तिसरा ट्रेलर पुरा. वाकून पाहिलं – साखळीवर चार ठिपके! आणि चौथ्याचा दांडा मोकळा. म्हणजे चोर गडबडला, चोरलेलं परत ठेवताना ट्रेलर चुकला. हसू आलं मला.

संध्याकाळी हसू पळालं. धाकटा चौथ्या ट्रेलरखाली, कोपरापर्यंत ग्रीस.

"काय करतोयस?"

"काही नाही. बघत होतो."

मग मात्र माझा तोल गेला. नाही नाही ते बोलले. म्हटलं, पाचवा ट्रेलर घे, जुनी जीप घे, आणि चालता हो. वडील असते तर लाजेने मेले असते, असंही म्हटलं. "ताई, ऐकून तर घे," म्हणाला. नाही ऐकलं. ग्रीसचे हात पुसत गेला बिचारा. बिचारा कसला!

बुधवार, १३ मार्च

उभ्या उभ्याच चारही ट्रेलर तपासले. साखळ्या आहेत, दिवे आहेत. त्याचं जायचं ठरलं आणि सगळं जागेवर आलं. आणखी काय पुरावा हवा? पाचव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो त्याचा.

गुरुवार, १४ मार्च

भाची येऊन गळ्यात पडली. "आत्या, तू येणार ना घाटाखालच्या नव्या घरी?" मी तिला बिस्किटाचा पुडा दिला. दुसरं काय देणार?

शुक्रवार, १५ मार्च. सकाळ

गेले. जीपमागे पाचवा ट्रेलर, त्यात कपाट, गाद्या, शिलाई मशीन. भाची मधे बसली होती. मी ऑफिसातून बाहेर आले नाही. धाकट्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, मग गाडी सुरू केली.

बरं झालं. बरंच झालं म्हणायचं.

शुक्रवार, दुपार

कंत्राटदाराची माणसं आली. चौथ्याची साखळी त्यांनी उचलली आणि खालचे ठिपके दिसले. पाच. दिव्यावरही पाच.

वेल्डर रडकुंडीला आला. "ताई, डेपोतूनच साखळी-दिव्याची एक जोड कमी होती. तुम्ही बोलूच दिलं नाहीत. तुमच्या भीतीने मी दुसऱ्याची काढून पहिल्याला लावली. मग मामांनी तिसऱ्याची दुसऱ्याला, मी चौथ्याची तिसऱ्याला. भंगारात जोड शोधायला धाकटे दादा गेले होते, मिळाली नाही. मग पाचव्याची काढून त्यांनीच इथे लावली. म्हणाले, माझ्याला नसली तरी चालेल, ताईचा सौदा मोडायला नको."

फोन लागत नाही. आत्तापर्यंत घाट लागला असेल त्यांना.

सौदा गेला खड्ड्यात. साखळी काढून घेतली आहे. मामा टेम्पो काढताहेत.