नकल्यांच्या बेटावर चौदाजण

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन

पोचलो एकदाचे! बोटीला दोन तास लागले, त्यातला दीड तास दंतवैद्य बोलत होते. लोकांची तोंडं उघडी ठेवून आपण बोलायचं, ही सवय सुट्टीतही सुटत नाही. पण हवा अशी सुरेख आहे की दोन दिवस कोणावर चिडायचं नाही असं मी ठरवलंय. बघू किती टिकतं.

सहल दोन रात्रींची, माणसं चौदा. ताईने परस्पर माझंही नाव घातलं होतं. जी बाई वर्षभर जिन्याखाली उतरली नाही ती आपणहून बेटावरचे प्राणी बघायला निघते म्हटल्यावर मी काय विचारणार? कोर्टातल्या लघुलेखिकेला रजेचा अर्ज टाइप करायला असा कितीसा वेळ लागतो.

खोली झकास. दोन लोखंडी खाटा, हिरव्या मच्छरदाण्या, खिडकीपासून हाताच्या अंतरावर लव्हाळं. धक्क्यापासून विश्रामगृहापर्यंत फळ्यांची एकेरी वाट आहे आणि दोन्हीकडे हे लव्हाळं पुरुषभर उंच. पुढचा माणूस चार पावलांवर दिसेनासा होतो. त्यामुळे आमचा वाटाड्या, बोटही तोच चालवतो आणि सगळे त्याला मास्तर म्हणतात, मागे वळून बघत बसत नाही. त्याने ‘हजेरी’ अशी हाळी दिली की प्रत्येकाने आपापला आकडा ओरडायचा. मी तेरा, शेपटाला ताई चौदा. शेवटचा आकडा आला की मास्तर वहीत खूण करतो. पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा बालवर्गात घातल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, संध्याकाळ

हरणं पार पायरीपर्यंत येतात. ओढ्यात पाणमांजरांचं कुटुंब पाहिलं. आई पिल्लाची मान धरून त्याला पाण्यात बुचकळत होती आणि पिल्लू नळाखाली धरलेल्या पोरासारखं किंचाळत होतं. एक घोरपड उन्हात अशी पसरली होती, जशी काही निवृत्तीनंतरची पहिलीच सकाळ.

पण बेटाचा खरा मालक म्हणजे नकल्या. राखाडी पक्षी, कावळ्याहून मोठा नाही, दिसायला कारकुनासारखा. ऐकलेलं सगळं परत करतो: कॅमेऱ्याची खटखट, बॅगेची चेन, बोटीचं इंजिन. तासाभरात त्याने दंतवैद्यांचं हसू उचललं. आपलं हसू बाहेरून कसं ऐकू येतं हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं असावं, कारण ते जेवणापर्यंत गप्प होते. मास्तर सांगत होता की नकल्या आपले आवाज पिल्लांनाही शिकवतो. इथला जुना स्वयंपाकी जाऊन दहा वर्षं झाली, त्याचा खोकला अजून बेटावर खोकतोय.

खोलीत आल्यावर ताईने सांगितलं की गेल्या वर्षी भाऊजी याच सहलीला आले होते.

मला फक्त ‘कुठल्याशा सहलीहून परतले नाहीत’ एवढंच ठाऊक होतं. बोटीच्या वहीत सगळे परत आल्याची नोंद होती. तेव्हा चौकशी करणाऱ्यांनी ठरवलं, भाऊजी शहराच्या धक्क्यावर उतरले आणि तिथून निघून गेले. सगळ्यांनीच तसं ठरवलं. मीही. पन्नाशीचे पुरुष हरवत नाहीत, सोडून जातात, असं मी ताईच्याच स्वयंपाकघरात, तिचाच चहा पिताना म्हटलं होतं. आज ताई म्हणाली की तिला बाकी काही नको. त्यांनी तिला टाकलं की नाही, तेवढं कळू दे.

मी तिची मच्छरदाणी नीट खोचून दिली.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी दहा

सकाळच्या फेरीत हजेरी झाली. माझं तेरा, ताईचं चौदा. आणि लव्हाळ्यातून पुरुषाचा आवाज आला: पंधरा.

सगळे हसले. दंतवैद्य म्हणाले, न सांगता आलेला पाहुणा. मास्तरने कौतुकाने खुलासा केला की गेल्या वर्षीची मंडळी पंधरा होती, आणि दिवसातून दहा वेळा कानावर पडते म्हणून नकल्या हजेरी सगळ्यात आधी शिकतो.

ताई हसली नाही. मीही नाही. बावीस वर्षं मी साक्षीदारांचे आवाज कागदावर उतरवतेय. साधी गोष्टसुद्धा परवानगी मागितल्यासारखी, शेवटचं अक्षर लांबवत बोलणारा माणूस मला एकच माहीत आहे. ते भाऊजी होते.

शनिवार, दुपारी दोन

मास्तरला गाठलं. विचारलं, गेल्या वर्षी परतताना पंधराव्या माणसाचं तोंड पाहिलं होतंस का? तो म्हणाला, तोंड कशाला बघायचं? माणसं ताडपत्रीखाली, तो सुकाणूपाशी पाठमोरा, बोट अजून इथल्याच धक्क्याला लागलेली. आकडा आला, खूण केली, निघाले. तीस वर्षांत एकदाही हजेरी चुकलेली नाही, हेही वर ऐकवलं. वही दाखवली. पानापानावर खुणा, सगळ्या स्वच्छ. माणूस खोटं बोलत नाहीये. म्हणूनच मी तडक खोलीकडे वळले.

ताईला सांगितलं. भाऊजी बोटीत चढलेच नव्हते, चढला तो त्यांचा आकडा. ती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाली, म्हणजे त्यांनी मला टाकलं नाही. तीनदा म्हणाली. मग उठून पाण्याची बाटली भरायला लागली.

उद्या परत गेल्यावर तक्रार करू, रीतसर शोध घ्यायला लावू, असं मी तिला बजावलं. तिने मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे कोर्टात रोज बघणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

शनिवार, संध्याकाळी साडेसहा

परतीच्या वाटेवर हजेरी. बारा. मी तेरा. माझ्या पाठीशी, ताईच्याच आवाजात, चौदा.

वळून पाहिलं. फळ्यांवर कोणी नाही.

मास्तरची खूण करून झाली होती. मी ओरडले तर म्हणाला, बाई हळू चालतात, येतील, आवाज आला ना. ताईला हाका मारल्या. चारी बाजूंनी उत्तर. चौदा. चौदा. दंतवैद्य म्हणाले, तुमच्या ताई भारी खोडकर दिसतात. त्यांच्या सगळ्या दातांसकट त्यांना ओढ्यात ढकलावंसं वाटलं.

अंधार पडला. लव्हाळ्याखाली दलदल आहे, उजाडल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही, असं मास्तर म्हणतो. आता त्याचाही चेहरा उतरलाय. पण वही उघडून पुनःपुन्हा तीच खूण बघतो आणि त्याला धीर येतो.

रविवार, पहाट

तिच्या खाटेवरची चादर तशीच. घडी मोडलेली नाही.

उजाडायच्या सुमाराला खिडकीबाहेर चौदा, पंधरा. चौदा, पंधरा. एकमेकांना सोबत दिल्यासारखं. नकल्या आहे, मी स्वतःला समजावलं. ऐकलेलं परत करतो, बाकी काही नाही.

मग ताई म्हणाली, ठमे, काही खाल्लंस का?

लहानपणी ती मला ठमी म्हणायची. चाळीस वर्षांत कोणी म्हटलेलं नाही. या बेटावर तर कोणीच—

ऐकलेलं परत करतो ना? मग हे कुठे ऐकलं?

रविवार, नऊ वाजता

उजाडल्यावर मास्तरने हाळी दिली, चौदा आला, त्याने खूण केली आणि त्याच्यापुरता शोध संपला. फळ्यांवरून खाली उतरलेय. बोट दहाला सुटते. मास्तरला सांगितलं नाही, त्याने अडवलं असतं. ताईला न घेता मी त्या बोटीत बसणार नाही. तिच्या स्वयंपाकघरात मी जे बोलले ते—

बाटली सापडली. भरलेलीच. बूच लावलेलं.

चिखल गुडघ्यापर्यंत. डावा पाय निघत नाहीये.

पावणेदहा

धक्का जवळच आहे, दिसत मात्र नाही. मास्तरची हाळी. हजेरी. एक, दोन, तीन. हायसं वाटलं. माझ्या आकड्याला गप्प राहायचं, म्हणजे त्यांना कळेल. दहा. अकरा. बारा.

तेरा.

माझा आवाज. माझाच, कपाळाला आठी घालून बोलल्यासारखा.

आणि ताईचा. चौदा.

इंजिन सुरू झालं. मी ओरडले, मी इथे आहे, पाय अडकलाय, थांबा! मास्तर कौतुकाने कोणाला तरी सांगताना ऐकू आला की यंदाचे नकले हुशार, अख्खी वाक्यं उचलायला लागलेत. मंडळी हसली. मी आणखी ओरडले. आणखी हसली.

इंजिनाचा आवाज लांब—

नंतर

लिहितेय, कारण बोलून उपयोग नाही. लिहिलेलं त्यांना उचलता येत नाही.

लव्हाळं हलतंय. वारा नाही.

हजेरी सुरू झाली. मास्तरची नाही. इथली. एक. म्हातारा आवाज. दोन. तीन, बाई. सगळे वेगळे, सगळे शांत. अठरा. एकोणीस. इतकी माणसं—

पंचवीस. भाऊजी, शेवटचं अक्षर लांबवून.

सव्वीस. ताई.

आता सगळे गप्प. माझ्यासाठी थांबलेत. मी बोलणार नाही. तोंडावर हात घट्ट दाबून धरलाय, एका हाताने लिहि—

अगदी कानाशी, माझ्या आवाजात कोणीतरी श्वास घेतला आणि सत्ता—