डाव्या हाताचा सहा

ठाणे,
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय रतन,

तुझं पत्र आनंदने परवा ऑफिसात आणून दिलं. तुझा भाऊ दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. “ताई, तुम्हीच हिला समजवा, गाळ्यावर बसली तर हाताला आराम पडेल,” एवढं बोलून गेला. तू लिहिलंयस की ऑपरेशन झालं तरी हात कामातून गेला, कॉम्प्युटर संपला, आता कल्याणच्या बाजारात आनंदच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर बसायचं आणि होळीपर्यंत त्याला होकार कळवायचा. मी समजावणार नाही. ते मला येत नाही, हे तुला माहीत आहे. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य चुकीचं आहे आणि चूक दिसली की मला पुढे जाता येत नाही. तू लिहिलंस, “माझं काय गं, मी नुसती बोटं बडवायची.”

साहेब सिंगापूरहून तो कीबोर्ड घेऊन आले तो दिवस आठव. मधोमध फाकलेला, वर फुगलेला, दोन्ही बाजूंना उतरता. डिस्पॅचचा काळुराम बघून म्हणाला, “रतनबाय, यावर बसलीस काय गं?” आणि तू मान वर न करता म्हणालीस, “तुज्या डोक्यावर बसाया पायजे होतं, जरा तरी सपाट झालं असतं.” साहेबांनी तो आधी मला दिला, कारण मी इंजिनियर. मी आठवडाभर वापरला. माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे: मला तो आवडला नाही. मला सरळ, जड, खटखट वाजणारा कीबोर्ड लागतो. बटण खाली गेलं की त्याने तसं सांगितलं पाहिजे. शिवाय प्रोग्रॅम लिहिताना माझ्या एका हातात कागद असतो, मी अर्धा वेळ एकाच हाताने टाइप करते. मधली फट ओलांडताना तो हात अडखळायचा.

तुझं काम वेगळं होतं. दिवसभर दोन्ही हात, दिवसभर पत्ते. सरळ कीबोर्डवर दोन्ही हात खांद्यांकडून तिरके येतात आणि मनगटं बाहेरच्या बाजूला वाकतात. थोडा वेळ ते कळत नाही, पण दुपारनंतर तुझा अंगठा आणि शेजारची बोटं बधिर व्हायची. तू हात झटकायचीस आणि पुन्हा सुरू करायचीस. फाकलेला कीबोर्ड माझ्याकडून तुझ्याकडे आला आणि त्यावर तुझी मनगटं कोपरापासून सरळ राहिली. जेवणानंतर तू म्हणालीस, “मधु, हात हलका वाटतो गं.” तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कीबोर्ड चांगला की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणाच्या हाताला, हे आधी विचारायला हवं.

मग पाकिटं परत यायला लागली. मासिकाच्या वर्गणीदारांचे पत्ते आपण भरायचो, आणि ठाण्याच्या प्रत्येक पिनकोडमधला सहा गायब, ४००६०१ चं ४०००१. साहेब ओरडले, “रतन, ठाणं नकाशावरून पुसलंस की काय?” मी तुझ्या मागे उभी राहून बघितलं. आपण दोघी कल्याणला सरस्वतीबाईंच्या टायपिंग क्लासला शिकलेल्या. आकडे वरच्या ओळीतूनच मारायचे आणि सहा उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने. डाव्याने मारला की बाईंची पट्टी बसायची. त्या कीबोर्डवर सहा गेला होता डाव्या तुकड्यावर. तुझं बोट शिकवलेल्या जागी बरोबर जात होतं आणि नुसत्या प्लास्टिकवर पडत होतं. क्लासला न गेलेल्या, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या काळुरामची ही चूक कधीच झाली नसती.

मी म्हटलं, जुना कीबोर्ड लाव. तू म्हणालीस, “हाताला बरं वाटतंय, बोटाला कळत नाय. बोटाला शिकवू.” दुसऱ्या दिवशी उजव्या बोटाला चिकटपट्टी लावून आलीस. बोट जुन्या सवयीने सहाकडे निघालं की पट्टी जाणवायची आणि तू थांबायचीस. कोणी विचारलं, काय लागलं गं, तर म्हणायचीस, “सहा चावला.” आधी तुझा वेग पडला, साहेब कुरकुरले, तू ऐकून घेतलंस. काही दिवसांनी पट्टी गेली आणि सहा डाव्या हाताने यायला लागला, न बघता. इतक्या वर्षांची सवय बोटातून काढून दुसऱ्या हातात घालणं म्हणजे काय, हे मला बाहेरून बघून कळलं. करता आलं नसतं.

माऊसचंही तेच. तो कीबोर्ड आपल्या टेबलाच्या सरकत्या फळीवर मावेना, उजवीकडे माऊसला जागाच उरेना. तू माऊस डावीकडे नेलास आणि मला त्याची बटणं उलटी करून द्यायला लावलीस. साहेब एकदा तुझ्या मशीनवर यादी बघायला बसले, माऊस उचलून स्वतःच्या उजव्या हाताकडे घेतला, आणि काहीही दाबलं तरी भलताच मेन्यू यायला लागला. “हा माऊस बिघडलाय.” “माऊस बरोबर हाय साहेब, हात चुकीचा लावलात.” सगळं ऑफिस खाली मान घालून हसत होतं. मीही. मी एकदा तसा डाव्या हाताने चालवून बघितला होता, कोणी नसताना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकले नाही.

आता तुझ्या हाताबद्दल. त्या कीबोर्डने मनगटातली दबलेली नस मोकळी होते असं मी म्हणणार नाही. तो तुझ्यापर्यंत उशिरा पोचला आणि ऑपरेशन टळलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते ऑपरेशननंतर आनंदकडून मी दोनदा विचारून घेतलं होतं: सलग टाइप करायचं नाही, मध्ये थांबायचं, दिवसभर तर नाहीच. यातून कॉम्प्युटर बंद असं निघत नाही. इथली नोकरी तुला जमणार नाही एवढंच निघतं, कारण इथे दिवसाचे पत्ते मोजतात. तुझ्या जागी आलेली मुलगी तुझ्याहून वेगात भरते. परवा तिने एकाच घरातल्या एकाच माणसाला तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी भरलं. तू अशा वेळी थांबायचीस आणि म्हणायचीस, “हा तोच बाबा, खडवलीचा.” तू टाइप करताना वाचतेस, रतन. बोटं बडवणारं माणूस वाचत नाही. म्हणून तुझं ते वाक्य चुकीचं.

आता मी हे का लिहितेय ते. मी राजीनामा दिलाय. डोंबिवलीला पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली आहे, तुझ्या घरापासून चालत येण्यासारखी. छोट्या कारखान्यांना आणि दुकानांना प्रोग्रॅम लिहून द्यायचे आणि त्यांची माहिती भरून, तपासून द्यायची. भरायला दोन मुली ठेवता येतील. त्यांना शिकवायला आणि त्यांचं काम वाचायला मला तू हवी आहेस, नोकरीला नाही, भागीदार म्हणून. टाइप कर तेवढंच, जेवढं हात करू देईल. तुला दया वाटून काही देतेय असं समजू नकोस. खरं ते लिहिते: एकटीने हे करायची मला भीती वाटते. ही भीती आईलाही सांगितलेली नाही, कोणालाच नाही. आनंदला कळवायच्या आधी येत्या रविवारी सकाळी त्या खोलीवर ये. टेबलं आली आहेत, खुर्च्या मी अजून घेतलेल्या नाहीत. दुकानात तुझी तू बसून, हात ठेवून बघ, मग घेऊ.

तुझीच,
मधु